वरून लोंबणारे डोंगर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाटाणे सोलणं. शेजारी आमची लेक सुमी कॉम्प्युटरवर हवामानाचं चित्र काढत होती. तिच्या आकड्यांत उंची मीटरमध्ये नसते, हवेच्या दाबात असते. जमिनीपाशी दाब जास्त, वर कमी. त्याचे मीटर करायचे राहिले, की मोठा आकडा वर जातो आणि सगळं चित्र उलटं होतं.

"अगं, डोंगर वरून लोंबतायत की!" माझी बायको शांता म्हणाली.

सुमी हसली. "आई, तूच ये माझ्या ऑफिसात." तिनं दाबाचे मीटर केले आणि डोंगर खाली बसले.

मी म्हणालो, "ढग बघायला खिडकी आहे की."

"तुम्ही वाटाणे सोला," शांता म्हणाली. दोघींची डोकी पुन्हा एकत्र आली.

जळलो मी. खोटं कशाला बोलू? शांता दोन यत्ता शिकलेली, मीही तेवढाच. पण लेक तिलाच सांगायची. त्याच दुपारी शांता बसल्या जागी गेली. वर जावं तशी हवा हलकी होते म्हणे. माझ्या छातीवरची झाली नाही. स्मशानातही मी मेलेल्या बायकोचा हेवाच करत होतो, कारण सुमी फक्त "आई, आई" करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमी बंद कॉम्प्युटरपुढे बसली होती. मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "मला कळणार नाही. तरी सांग."