आधी पाणी

"आधी पाणी. मग बोला."

दार उघडल्यावर सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच. तुम्ही पोस्टमन असा, सिलेंडर आणणारे असा, की शेजारी आग लागली म्हणून सांगायला धावत आलेले असा. स्टीलचा ग्लास तुमच्या हातात गेल्याशिवाय त्या तुमचं काही ऐकून घेत नसत. माधव नगरात आमच्या गल्लीत तेव्हा नळ एक दिवसाआड यायचा, उन्हाळ्यात तर टँकरपुढे बादल्यांची रांग लागायची. सिस्टरांच्या माठाला मात्र त्याची खबर नव्हती.

सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स त्या. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. लग्न केलं नव्हतं, घरात एकट्याच. सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. मी फ्रीगंजच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. संध्याकाळी घरी जाण्याआधी त्यांच्या ओट्यावर टेकायचे.

"आमच्या घरात देव पाण्यातून आला बेटा," त्या सांगायच्या. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीला शिवायची बंदी. दुष्काळात तासन् तास काठाशी उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत ओतणार. एकदा पाद्र्याच्या बायकोने स्वतःच्या माठातलं पाणी ग्लासात घेतलं आणि तो ग्लास त्यांच्या हातात दिला. "हातात दिला गं! आजोबांना प्यायचं सुचेना. ग्लासच बघत बसले."

या गोष्टीला घरातच फाटे होते. सिस्टरांची आत्या म्हणे, ते ताक होतं. सिस्टर ठाम. "पाणीच. त्या साली ताक कुठून येणार?" मग म्हणत, "शास्त्र, प्रार्थना सगळं मागून शिकले मी. विश्वास म्हणशील तर त्या ग्लासापासून."

देवास गेटच्या बस स्टँडवर पाण्याच्या बाटल्या विकायला आल्या, त्या वर्षीची गोष्ट. मी कौतुकाने एक घेऊन आले. सिस्टरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "अब पानी भी बिकेगा? शिव शिव!" म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन स्वतःच खो खो हसत सुटल्या. महाकालाच्या गावात चाळीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार!

आता आईबद्दल सांगायला हवं. माझी आई आणि सिस्टर जिवाभावाच्या मैत्रिणी. आईला टायफॉइड झाला तेव्हा सिस्टरांनी रोज तिचं अंग पुसलं, इंजेक्शनं दिली. पण त्यांच्या घरचं पाणी आईने कधी घेतलं नाही. सुई चालायची, पाणी चालायचं नाही. आजीने घालून दिलेली रीत, आणि आईने ती कधी उलगडून पाहिली नव्हती. "आत्ताच पिऊन आले हो," ती म्हणायची. सिस्टर तरीही ग्लास ठेवत, आणि मागाहून ते पाणी मोगऱ्याला घालत.

एकदा मी चिडून विचारलं, "ठेवता कशाला मग?"

"तुझी आई घेईल एखाद दिवशी. तेव्हा ग्लास समोर नको का?"

मी स्वतः तिथे पाणी प्यायचे, पण घरी कधी सांगितलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे सिस्टरांना मोतीबिंदूने गाठलं. ऑपरेशनला त्या घाबरत. जन्मभर इतरांना धीर दिलेली बाई! चर्चमध्ये सगळं हिंदीत, आणि आजोबांपासून चालत आलेलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायला घरात कुणी नाही. इंदूरचा भाचा वाचायला बसला की गाडी अडखळत, थांबत थांबत प्लॅटफॉर्मवर येत असल्यासारखं वाटायचं. शेवटी त्यांनी आईलाच विचारलं. आईला आपल्या वाचनाचा दिमाख होताच. दुसऱ्या दिवसापासून ती हातपाय धुऊन, शास्त्र पाटावर ठेवून, चक्क पोथीच्या चालीत वाचू लागली.

"वहिनी, आमच्यात असं गाऊन नाही वाचत," सिस्टर हसू दाबत म्हणाल्या.

"मग सपाट वाचू? देवाचं आहे ना?"

"वाचा, वाचा. आजोबांना एकदम आवडलं असतं."

घसा कोरडा पडतो म्हणून आई घरून तांब्या न्यायची. पाटाच्या एका बाजूला आमचा तांब्या, दुसऱ्या बाजूला सिस्टरांचा ग्लास. असे कित्येक महिने गेले.

एका रविवारी दुपारी विहिरीची गोष्ट आली. चालून दमलेला येशू विहिरीपाशी बसतो. ज्या लोकांच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नाहीत, त्यांच्यातलीच एक बाई पाणी भरायला येते, आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. आईची चाल मोडली. ती साध्या आवाजात वाचू लागली आणि मग थांबलीच.

"त्यानेच मागितलं?"

"हो न वहिनी. तहान त्याला लागली होती."

मी उगीच खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने आईने उरलेली गोष्ट वाचून संपवली आणि पुस्तक मिटलं. सिस्टरांनी चाचपत ग्लास उचलला, सवयीने मोगऱ्याकडे निघाल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. ग्लास हलका लागला होता.

"आणखी देऊ, वहिनी?" आवाज अगदी रोजचा.

"द्या. घसा सुकलाय वाचून."

त्या दिवशी आईने तांब्या भरलेलाच घरी आणला. दुसऱ्या दिवसापासून नेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. आदल्या दिवशी नळ आला नव्हता. आईने सकाळीच आमच्याकडचं पाणी नेऊन त्यांच्या माठात ओतलं आणि दारात उभी राहिली. भर उन्हात चर्चची माणसं आली, गल्लीतली आली, इंदूरहून भाचा आला. तो रडत रडत काही सांगू लागला. आईने त्याला थांबवलं आणि स्टीलचा ग्लास त्याच्या हातात दिला.

"आधी पाणी," ती म्हणाली.