सातव्या शेअरची मालकीण

आमच्या कंपनीत जुने अंक वाळवी खाते. किस्से मात्र तिलाही संपत नाहीत.

कंपनी डिचोलीची. मासिकं तीन: शेतीचं पिवळं ‘बांधावर’, बायकांचं तांबडं ‘फोडणी’ आणि मुलांचं निळं ‘भोवरा’. दूर एडिनबरात प्रकाशन शिकून मी परत आले ती ‘भोवरा’ची संपादक म्हणून. तालुक्यातल्या प्रत्येक मुलाच्या हातात आपला अंक असावा, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना बसवून ‘ब्रँड’ या विषयावर तासभर बोलले. आमचे मॅनेजिंग डायरेक्टर भिकूकाका प्रुफं तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “बाय, नाव कोण वाचता? लोक पिवळो, तांबडो नि निळो अंक मागतत.”

मला पटलं नाही. मी ‘फोडणी’चं तांबडं मुखपृष्ठ पिवळं करायला लावलं.

महिन्याभरात इब्रामपूरच्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं: “‘बांधावर’चा अंक आवडला. फणसाची भाजी केली, घरात सगळ्यांनी खाल्ली. काजूच्या फवारणीचं पान तेवढं राहिलेलं दिसतं.”

‘फोडणी’ परत तांबडी झाली.

*

लक्ष्मीमावशी पाकिटांवर पत्ते चिकटवते. खळ घरी शिजवून आणते. तिने लावलेला पत्ता भर पावसातही सुटत नाही. कंपनीच्या सात शेअरांपैकी एक तिचा आहे, हे मला कागद चाळताना कळलं.

“मावशी, मग तू मालक की कामगार?”

“रोजची कामगार. मिटिंगेक मालक. त्या दिसा च्या तू करतलंस.”

केला मी चहा. साखर कमी पडली, तेही मिनिट्समध्ये गेलं.

*

यंदा मुंबईची एक मोठी कंपनी तिन्ही मासिकं विकत घ्यायला आली. ‘भोवरा’ तोट्यात, म्हणून तो बंद करणार होती. सातही मालकांची संमती हवी होती. पाच जणांनी सह्या केल्या. सहावी, मावशीची सही तिच्या मुलाने मागे लागून घेतली. ती माझ्याकडे बघेना.

सातवा शेअर संस्थापकांनी आपल्या ग्रामदेवीच्या नावे ठेवलेला.

“देवीतर्फे सही कोण करतं?” मुंबईच्या वकिलाने विचारलं.

“ती सोता सांगता,” भिकूकाका म्हणाले.

म्हणजे कौल. मूर्तीला दोन पाकळ्या पाण्याने लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवी मावशीच्याच गावची, त्यामुळे पाकळ्यांचं तबक तिनेच भटजींच्या हातात दिलं. वकील देवळात अनवाणी, फाईल छातीशी धरून उभा. एक तास गेला, दोन गेले. एकही पाकळी हलेना.

“आता?” वकिलाने विचारलं.

“आता वाट बघत रावचा,” भटजी म्हणाले. “शाळेच्या जाग्याचो कौल देवूक देवीन तीन वर्सां घेतलली.”

वकिलाने फाईल बंद केली आणि चपला शोधायला गेला.

भिकूकाका घड्याळ बघत म्हणाले, “चल बाय. देवी सांगता तवसर ‘भोवरा’ छापूक होयो.”

मावशी खांबाआड पदराला बोटं पुसत होती.

“पाकिटां तयार आसत,” ती म्हणाली. “खळ पण उरली हा.”