तिळाच्या खाचरातलं पाणी

जांभूळ गावाच्या अंगाला आमची शेती. वरच्या उतारावर काळा तीळ, खाली खाचरांत भात, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. उतार इमारतींना विकला आणि तिळाला जागाच उरली नाही. ते घरचं बियाणं दुसरीकडे कुठे मिळत नाही. बाबा हट्टाला पेटले, भाताच्या खाचरातच पेरतो म्हणाले. निम्मं तरी मागे ठेवा, मी म्हटलं. ऐकतील तर ते बाबा कसले! सगळं पेरलं.

खाचर म्हणजे पाणी धरायला बांध घातलेली जमीन, आणि तिळाला तुंबलेलं पाणी मुळीच खपत नाही. म्हणून बाबांनी खालच्या बांधाला भोकं पाडली. तीळ गुडघ्याएवढा झाला, फुलावर आला. मग पावसाची झड बसली. झड जरा ओसरल्यावर आम्ही शेतावर गेलो तर तळं. भोकं चिखलाने गच्च बुजवलेली. भर पाण्यात उभी झाडं तहानेने मरावीत तशी माना टाकून होती. मी एक उपटलं. मुळं काळी, घाण वास.

मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेजारच्या खाचरातून येत होते.

"दादा, भोकं कुनी बुजवली?"

"मीच. खेकड्यांनी बांध फोडला वाटला."

त्यात खोटं काही नव्हतं. उभा जन्म भात केलेला माणूस, बांधातून पाणी जाताना दिसलं की पाय आपोआप चिखल दाबतो. पण बाबांनी फावडं उचललं होतं. दांडा काकांच्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. काकांनी दुसऱ्या हाताने बाबांचं नरडं धरलं, त्यांचं तोंड पाण्यात दाबलं. मी केसाला धरून दोघांना सोडवलं. तेव्हा घातलेल्या शिव्या मी अजून परत घेतलेल्या नाहीत.

उल्हासनगरच्या दवाखान्यात काका डॉक्टरांना म्हणाले, बांधावरून घसरलो. बाबा शेजारीच उभे होते.

तिथून बाबा थेट शेतावर गेले, मी मागोमाग. बांधाकडेच्या उंचवट्यावर थोडी झाडं तग धरून होती. बोंडं कमी, पण बियाण्यापुरता तीळ त्यांतून निघाला असता. मला एवढा आनंद झाला की मी बाबांना हाक मारून ती दाखवली.

त्यांनी फावड्याने तीच आधी तोडली. मी आडवी गेले, मला चिखलात ढकललं.

"दादाचा हात मोडून हा तील मना नको," ते म्हणाले, आणि रडत तोडत राहिले. शेवटचं झाड पडलं तेव्हा आमच्या घरचं बियाणं संपलं होतं.