मतमोजणीच्या दिवशी नामादादा

नामादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. फोन त्याच्या सुनेचा, सुरेखाचा. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलली. त्याला आता महिना होऊन गेला.

दादा माझा चुलतभाऊ. उरणची आमची मिठागरं बंदरात गेली तेव्हा मोबदल्यातून भावकीने ट्रेलर घेतले, दादाने शेअर. गावाने त्याला वेड्यात काढलं. मी बँकेत नोकरीला, तरी मीही हसले आणि पुढे त्याच्याच नादाने शेअर घेतले. वर्षभर टीव्हीवरच्या पुढाऱ्यांशी भांडणारा हा माणूस मतमोजणीच्या दिवशी मात्र मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकून खाडीवर चिंबोऱ्या धरायला जायचा. एकदा कारण विचारलं. म्हणाला, "आमच्या बापानं ढग बघून कच्चं मीठ ओढलं, चिखलासकट. पाऊस आलाच न्हाय. सगली रास काली पडली. बाजारपन तसाच. निकाल बघून घाबरतो, नि दोन दिसांत त्याला कलतं, ढग कोरडाच व्हता."

मग ती मतमोजणी आली. एकाच पक्षाला दणदणीत बहुमत मिळणार म्हणून बाजार आधीच फुगला होता. सकाळी आकडे भलतेच यायला लागले आणि तो धाडकन कोसळला. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आठ दिवसांवर, आणि त्याचे पैसे माझ्या शेअरमध्ये! निकालानंतर आणखी चढेल, मग विकू, असा मला मोह झाला होता... तशीच खाडीवर धावले. दादा गुडघाभर चिखलात उभा.

"दादा, विकू की थांबू?" तो थांबच म्हणणार, याची मला खात्री होती.

"पैशे कदी लागतीन?"

"पुढच्या सोमवारी भरायचेत."

"मंग इक. आताच इक."

विकले. तिसऱ्या दिवशी बाजार पुन्हा वर! ऑपरेशन वेळेवर झालं, हे बरे झाले, पण माझा राग काही जाईना. साऱ्या जगाला थांबायला सांगणारा मलाच कसा विक म्हणाला? सगळ्यांसमोर त्याला बोलले, "तुझा अभ्यास नेमका माझ्याच वेळी कसा रे चुकला?" तो हसला. "चुकला खरा," म्हणाला आणि पानाला चुना लावत बसला. पुढे गणपतीत, लग्नाकार्यात, जिथे भेटेल तिथे मी हाच टोमणा मारत राहिले. तो एकदाही चिडला नाही.

बाराव्याला भांडी आवरताना सुरेखा म्हणाली, "आत्या, तुमी खाडीवर गेलावता ना, त्या दिवशी बाबांनी घरी येऊन पायपन धुतले न्हाय. आधी सोताचे शेअर इकले. मी म्हटलं, बाबा, तुमी तर निकालाला कदी इकत न्हाय. तर म्हणाले, 'तिला कमी पडले तर?'"

मला कमी पडले नाहीत, म्हणून त्याने कधी सांगितलं नाही.

मी बाहेर पडवीत आले. दादाच्या खुर्चीत हे बसले होते, चांगले ठणठणीत, शेजाऱ्याशी येत्या निवडणुकीवरून तावातावाने वाद घालत. मला तिथेच उभ्याउभ्या रडू फुटलं.