हयातीचा दाखला

वारूळवाडीत पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले काढून देणारे एक गृहस्थ आहेत. शेतात झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटले नाहीत, तर ते कोमट पाण्याचा तांब्या पुढे करतात. "लई राबलाय राव," एवढंच म्हणतात.

माझे वडील, आबा, अंथरुणाला खिळले तेव्हा हे गृहस्थ मशीन घेऊन घरी आले. आबा झोपले होते. मी घाईने आबांचा अंगठा मशीनच्या काचेकडे नेला. गृहस्थांनी मशीन मागे घेतलं.

"त्यान्ला इचारलं का, भाऊ?"

"झोपलेत ना."

"उठू द्या. मी बसतो."

ते तासभर बसले. आबा जागे झाले.

"कशाचा अंगठा?" आबांनी विचारलं.

"तुमी हायात, त्याचा."

आबा कितीतरी दिवसांनी हसले आणि अंगठा त्यांनी स्वतःच काचेवर ठेवला.