गुणाबाईची पहार

सकाळपासून वारं पडलं होतं. वैशाखातलं ऊन वर यायच्या आधीच निलंग्याच्या अंगानं आभाळ काळंभोर होऊन आलं. गुणाबाईनं गोठ्यातलं शेण काढलं, हात धुतले अन् भाकरीचं पीठ घेऊन चुलीपुढं बसली. पण डोळा सारखा अंगणापल्याड, धाकट्या जावेच्या दाराकडं. तिथं वर्षाराणीची शिलाई मशीन खडखडत होती अन् मशीनखाली ढाण्या पाय ताणून पडला होता.

ढाण्या खरा गुणाबाईचा. बसस्टँडवर कुडकुडणारं ते पिल्लू तिनंच पदराखाली घालून आणलेलं. घरात पहिली भाकर त्याची, दुसरी नवऱ्याची. नाव वाघाचं, काळीज सशाचं. आभाळ गडगडलं, वरातीत फटाका फुटला, की बाजंखाली शिरून थरथरायचा. गेल्या पावसाळ्यापासून मात्र बाज सोडून थेट जावेच्या घरात पळायला लागला, अन् गुणाबाईच्या पोटात दुखायला लागलं.

"सासूचं कौतिक तिला, नवी मशीन तिला, आता कुत्रंबी तिलाच!"

भागवतनं, तिच्या नवऱ्यानं, सुपारी कातरता कातरता मान वर केली. "कुत्र्यावरून जळणारी बाई पहिल्यांदाच बघायलो."

"तुमी गप बसा. तिनं कायतरी चारलंय त्याला."

चारलं तर होतंच. परवाच गोवऱ्यांच्या ढिगाआडून गुणाबाईनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. वर्षाराणी डब्याचं झाकण फरशीवर हळूच टेकवायची. टक् झालं, की भाकरीचा तुकडा. मग जरा जोरात, पुन्हा तुकडा. ढाण्या दचकायचं सोडून शेपूट हलवत तिच्या हाताकडं बघायचा. फितवायली! त्या दिवशी गुणाबाईला घास गोड लागला न्हाई.

तेवढ्यात वीज कडाडली. परड्यात उन्हाळी भुईमूग उभा, अन् आभाळाचा रंग गारांचा. अशा वेळी अंगणात लोखंड फेकलं की आभाळ निवतं, ही तिच्या माहेरची, शिरूर अनंतपाळकडची रीत. आजी फेकायची, आई फेकायची. गुणाबाईनं कोपऱ्यातली पहार उचलली अन् ठणकन अंगणातल्या फरशीवर आपटली.

विजेला नुसता कान हलवलेला ढाण्या पहारीच्या आवाजासरशी उडाला. मशीनवर आदळला, केकाटत भिंतीला चिकटला अन् तिथंच मुतला.

गुणाबाई धावत गेली. "ये रं माझ्या राजा."

राजा मागं सरकला. तिच्या हाताकडं बघत सरकला.

"बघ, बघ! माझ्या हातचं खाऊन मोठं झालेलं जनावर मलाच भितंय. काय केलंस गं त्याला?"

वर्षाराणीनं मशीनवरचा पाय काढला. "आक्का, रागावू नगा. झाकण वाजवून, तुकडा देऊन मी आवाजाची भीती मोडली त्याची; इजंला ते आता लई भीत न्हाई. तुमच्या पहारीला भितंय. वर गडगडलं की खाली तुमची पहार. त्याला वाटतं, आभाळच अंगणात पडलं."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमच्या माहेरची रीत. मी धाकटी, कोणत्या तोंडानं सांगू?"

"कुत्र्याला शिकवायला बरी तोंड वर करून बसत होतीस!"

असं फणकारून ती अंगणात आली. पावसाचे टपोरे थेंब फरशीवर फुटत होते. तिनं पहार उचलली. पुन्हा लखकन उजेड झाला. हात सवयीनं वर गेला, अन् दारातून ढाण्याचे दोन डोळे त्या हाताला चिकटलेले तिला दिसले. इजंकडं त्याचं ध्यानच नव्हतं.

गुणाबाई वाकली. पाठीवर पाऊस घेत, लेकरू पाळण्यात ठेवावं तशी तिनं पहार फरशीवर निजवली. आवाज झाला न्हाई. मग वर आभाळानं काय गडगडायचं ते गडगडून घेतलं. ढाण्याचे कान उभे राहिले, पुन्हा खाली आले.

ती चुलीपुढं येऊन बसली. तवा तापून धूर सोडत होता. तिनं गोळा परातीत घेतला, थापू लागली. थप थप, थप थप. पलीकडं मशीन सुरू झाली. जरा वेळानं उंबऱ्यावर ओलं नाक दिसलं. अंग आत, शेपूट बाहेर, एक कान अजून मशीनकडं.

"जा की तिच्याकडंच," गुणाबाई म्हणाली. म्हणता म्हणता पहिल्या भाकरीचा पापुद्रा फुंकून तिनं त्याच्यापुढं ठेवला. "अन् तिला सांग, कुणाची भाकर मऊ हाय ते."

ढाण्यानं तुकडा तिथंच खाल्ला. तिनं दुसरा गोळा घेतला.