वाफेची गळती आणि वामनचा हेवा

मंडळी, आज दुपारी मानवतला एका लग्नात वामन भेटला आणि जुना हेवा पुन्हा जागा झाला.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं इथल्या कापूस प्रेसमध्ये फिटर होतो. बॉयलरच्या पाइपांतून वाफ गळायची, कोळसा वाया जायचा. एक दिवस काम थांबवून सगळे सांधे नव्यानं बसवू, असं मी मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. तेच वामननं सांगितलं, तर लगेच मान्य! गळती थांबली, कोळसा वाचला, वामन हेडमिस्त्री झाला.

आज तो म्हणाला, "तुझ्या हातचा सांधा कधी गळला न्हाई. मला तुझा लय हेवा वाटायचा."

मला माझा हेवा बोलून दाखवता आला नाही. यातही तोच पुढं गेला! तुम्ही सांगितला असता का?